रविवार कुणाच्या बापाचा?

मावशी, शीर्षक वाचून लगेच फोन करू नकोस. प्रार्थनेत आपण देवाला बापच म्हणतो, त्यामुळे प्रश्नात तसं वावगं काही नाही. आधी पूर्ण वाच, मग काय रागवायचं ते रागव.

तर मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. विषय आहे रविवार. नांदेड-लातूरकडे शिकणाऱ्या पोरापोरींना आता रविवार उरलेला नाही, आणि तो गेल्याचं फारसं कुणाला वाईटही वाटत नाही. क्लासवाल्यांनी नेला, गाइडने नेला, ही झाली अर्धी तक्रार. उरलेला अर्धा आम्ही ख्रिस्ती मंडळींनी स्वतःच नेला आहे, तोही देवाच्या नावाने. माझं म्हणणं इतकंच की विश्रांतीचा वार देवाने माणसाला दिला आहे. तो परीक्षेला जुंपणं चूक, आणि चर्चच्या कार्यक्रमांना जुंपणंही तेवढंच चूक.

आता एकेक घेऊ.

आधी लातूर. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर गेलं. एकेकाळी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आमच्या गावची पोरं रांगेने असायची. पॅटर्नमध्ये जादू काही नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग उजळणी, मग चाचणी, चुका दाखवायच्या, पुन्हा चाचणी. यात वाईट काहीच नाही. खेड्यातल्या पोराला पुण्या-मुंबईच्या पोराच्या शेजारी बसवलं ते याच सरावाने. पण सोमवार ते शनिवार कॉलेज आणि क्लास, तर चाचणी घ्यायची कधी? रविवारी! एकदा रविवार चाचणीचा झाला की शनिवारची रात्र जागरणाची होते आणि रविवारची संध्याकाळ मार्कांच्या रडारडीची.

याचा हिशोब आमच्या संडेस्कूलमध्ये बघायला मिळतो. आठवी-नववीपर्यंत पोरं गाणी म्हणतात, नाताळच्या नाटकात मेंढपाळ होतात. दहावीला विरळ होतात, अकरावीला गायब. मग एकदम बारावीच्या निकालानंतर पेढे घेऊन उगवतात. आणि ज्याचा निकाल मनासारखा लागला नाही तो तर पेढे घेऊनही येत नाही. खरं म्हणजे त्यालाच यायची जास्त गरज असते.

कुणी म्हणेल, ही बारावीवाल्यांची रड आहे, पुढे सगळं निवांत असतं. छे हो! स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली नांदेडला झालं, त्यामुळे आमच्यासारख्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) गाठावं लागत नाही, हे मोठंच काम झालं. मी इथेच पीएच.डी. करते आहे, रसायनशास्त्रात. आमच्या जातीला रोज परीक्षा नसते, पण म्हणूनच रविवार अलगद जातो. कुठल्या विभागाचं नाव घेत नाही, पण शनिवारी रात्री दहा वाजता ग्रुपवर येणारा निरोप सगळ्या संशोधक विद्यार्थ्यांच्या ओळखीचा असेल : ‘उद्या सुट्टी आहे, तेवढं चॅप्टर करून टाका.’ म्हणजे सुट्टी आहे म्हणून काम! या वाक्याचा अर्थ लावायला मला अजून जमलेलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. वर्षातून एखादी परीक्षा रविवारी आली तर माझं काही म्हणणं नाही. २०२४ ची नीट ५ मे रोजी झाली, २०२५ ची ४ मे रोजी, दोन्ही रविवार. आमची सेट परीक्षा २०२४ ला ७ एप्रिलला आणि २०२५ ला १५ जूनला झाली, तेही रविवारच. शाळा-कॉलेजच्या इमारती त्याच दिवशी रिकाम्या मिळतात, त्याला कोण काय करणार? माझं भांडण त्या एका रविवारशी नाही. उरलेल्या एक्कावन्न रविवारांचं काय, हा प्रश्न आहे.

आणि हे फक्त माझंच म्हणणं नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात विद्यार्थ्यांना आणि शिकवणाऱ्यांना आठवड्याची सुट्टी द्या, आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नका, असं सांगितलं आहे. हे दुसरं कलम ज्याने घातलं त्याला माझा सलाम. सोमवारी परीक्षा असली की रविवार नुसता कॅलेंडरवरच लाल राहतो, हे त्याला बरोबर कळलेलं होतं. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. लातूरच्या ट्युशन एरियात रविवारी सकाळी एक चक्कर मारा, पाठीवर सॅक घेतलेली पोरं तुम्हाला उत्तर देतील.

हा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘तुमचं बरं आहे बाई, रविवार तुमचा वार आहे!’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्यात असं गृहीत धरलेलं असतं की रविवार ही साहेबाने आणलेली ख्रिस्ती सुट्टी, आणि तो मागणं म्हणजे मी माझ्या धर्माची सवलत मागणं. इथे मला थोडा इतिहास काढावाच लागतो.

पहिली तीनशे वर्षं ख्रिस्ती माणसांना रविवारची सुट्टी नव्हतीच. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहिलं. त्यात ही माणसं एका ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात, असं आहे. त्यांच्यात गुलामही होते. उजाडल्यावर कामाला जायचं म्हणून अंधारात उपासना! सुट्टीचा हुकूम पुढे ३२१ साली कॉन्स्टंटाइन बादशहाने काढला, तोही सूर्याचा वार म्हणून, आणि त्यातून शेतकऱ्यांना वगळलं. आमच्या मराठवाड्यात तर निजामाच्या राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. तेव्हा वाराला सोनं लागलेलं नाही.

आणि मुंबईच्या गिरण्यांमधल्या मराठी कामगाराला रविवार मिळाला तो कुणा पाद्रीमुळे नाही. मिळवून दिला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक सुट्टी मागायला लागले. मालक सहा वर्षं दाद देईनात. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन बाया उठून भाषणं करून गेल्या, आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. लोखंड्यांनी रविवारच का मागितला याबद्दल असं सांगतात की तो खंडोबाचा वार! कामगाराला जेजुरीच्या देवाची आठवण त्या दिवशी करता यावी.

हे वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. नांदेडहून लातूरला एस.टी.ने जाताना लोह्याच्या पुढे माळेगाव लागतं. तिथल्या खंडोबाची यात्रा, घोडे-गाढवांचा बाजार, सगळं मुलूखभर माहीत आहे. म्हणजे मी ज्या दिवशी उपासनेला जाते तो त्या देवाच्या वारकऱ्यांचाही वार आहे, आणि दोघांना तो मिळवून दिला एका सत्यशोधकाने. तेव्हा ‘तुमचा वार’ म्हणून मला सवलत देऊ नका. मला सवलत नकोच आहे. मला सुट्टी हवी आहे, आणि ती माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही हवी आहे. ती देवळात जावो, दर्ग्यात जावो, नाही तर दुपारपर्यंत झोपून राहो.

आता विश्वासाचं बोलते, कारण खरं भांडण पुढे आहे.

दहा आज्ञांमधली शब्बाथाची आज्ञा आपण पाठ म्हणतो, पण तिच्यातली यादी नीट ऐकत नाही. विश्रांती कुणाला? तुला, तुझ्या मुलाला, मुलीला, दासाला, दासीला, जनावरांना आणि तुझ्या दारातल्या परक्याला. बैलसुद्धा आहे त्यात! आपल्याकडे हे समजावून सांगायला पाद्री लागत नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, आदल्या दिवशी त्याचे खांदे मळतात. वर्षभर आसूड ओढणारा गडीसुद्धा त्या दिवशी हात जोडतो. मग पोरांचे खांदे कोण मळणार?

अनुवादाच्या पुस्तकात हीच आज्ञा पुन्हा येते तेव्हा तिचं कारण दिलं आहे, की तुम्ही मिसर देशात गुलाम होता हे विसरू नका. म्हणजे सुट्टी ही गुलामाच्या आठवणीतून आली. मोशेने फारोकडे आधी काय मागितलं होतं? उपासनेसाठी तीन दिवसांची रजा! फारोने काय केलं? रजा नामंजूर, वर विटांसाठी मिळणारा पेंढाही बंद, तो तुम्ही गोळा करा, विटांचा आकडा मात्र तोच. आणि शेरा मारला की हे लोक आळशी झालेत म्हणून यांना देव आठवतो. ज्यांची फेलोशिप सहा-सहा महिने अडकते आणि प्रगती अहवाल मात्र वेळेवर लागतो, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आता आमच्या मंडळीकडे वळते. मावशी, इथे तुझा फोन येणार हे मला माहीत आहे.

आमच्यातल्या कितीतरी चर्चमध्ये रविवार असा असतो : सकाळी संडेस्कूल, मग उपासना, ती लांबली की दीड वाजतो, मग कमिटी. चार वाजता तरुण संघ, सहा वाजता कुणाच्या तरी घरी प्रार्थना, आणि मध्ये गाण्याची प्रॅक्टिस. आठवडाभर प्रयोगशाळेत उभी राहिलेली मुलगी रात्री घरी पोचते ती सोमवारपेक्षा दमलेली. आणि एखाद्या रविवारी ती आली नाही तर पुढच्या रविवारी प्रश्न येतो, ‘काय करायलीस? देवाला वेळ नाही का?’ गाइड विचारतो चॅप्टरला वेळ नाही का. ताई-दादा विचारतात देवाला वेळ नाही का. त्या मुलीला हे दोन्ही आवाज एकाच माणसाचे वाटायला लागतात. विश्वासाचं याहून मोठं नुकसान कुठलं?

त्यात भर म्हणजे साक्षी. निकालाच्या दिवसांत कुणी तरी पुढे येऊन सांगतो की मी एकही रविवार चुकवला नाही म्हणून प्रभूने मला इतके टक्के दिले. सगळे आमेन म्हणतात. तिसऱ्या बाकावर असा एक जण बसलेला असतो ज्याने एकही रविवार चुकवला नाही आणि जो नापास झाला. त्याने आमेन म्हणायचं की नाही? देवाशी हजेरीचा आणि मार्कांचा सौदा होतो असं पोरांना शिकवलं, की सौदा फसल्यावर पोरं देवालाच सोडतात. मग आपण म्हणतो, शिक्षणाने पोरं बिघडली.

धान्याच्या शेतातून जाताना शिष्यांनी शब्बाथाच्या दिवशी कणसं मोडून खाल्ली, तेव्हा नियमवाले चिडले. येशूने बाजू घेतली ती भुकेल्या पोरांची. वाळलेल्या हाताच्या माणसाला त्याने सभास्थानातच बरं केलं, आणि तेही बघणाऱ्यांच्या डोळ्यांत खुपलं. शुभवर्तमानात हा वाद इतक्या वेळा येतो की आपल्याला तो ऐकायचाच नाही असं म्हणावं लागेल.

पाळकांवर माझा राग नाही, उलट त्यांची काळजी वाटते. खेड्याकडचे पाळक एका रविवारी मोटरसायकलवर दोन-तीन गावं करतात. आठवड्याच्या सुट्टीवर प्रवचन देणाऱ्याला स्वतःची सुट्टी नाही, हे मंडळीला दिसायला हवं.

आणि घरातलं काय? आज्ञेच्या त्या यादीत मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल सगळे आहेत. बायको नाही! विद्वान याचे अर्थ लावतात, मला तर सरळ दिसतं की रविवारचं मटण कोण शिजवतं. उपासनेहून आल्यावर पातळ साडी बदलून तडक स्वयंपाकघरात जाणारी आई आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. रानात मान्ना मिळत होता तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा हुकूम होता, म्हणजे सातव्या दिवशी कुणाला राबावं लागू नये. आपल्याकडे शनिवारी भाकरी करून ठेवायला आणि रविवारी कालवणाबरोबर खायला कुणाची हरकत आहे? मराठवाड्यात शिळी भाकर कधी कुणाला नडली नाही. भांडी मामांनी आणि दादाने घासावीत.

आता सगळ्यात जड आक्षेप. ‘सुट्टी पैसेवाल्यांना परवडते. आपल्या पोरांना शिक्षणाशिवाय दुसरं काय आहे?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या भागातली बहुतेक ख्रिस्ती घरं कुठून आली ते आपल्याला ठाऊक आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा ठरवला. त्यात पुढे १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती झालेले आले नाहीत. महाराष्ट्रात त्यांना इतर मागासवर्गात धरतात. म्हणजे गावाने वागणूक तीच ठेवली आणि कागद मात्र बदलला. अशा घरातल्या पहिल्या पिढीच्या पोराला बाप म्हणतो, ‘दुप्पट अभ्यास कर’, तेव्हा त्या बापाचं काय चुकलं?

काही चुकलं नाही. पण गिरणी कामगारही गरीबच होते. त्यांना सुट्टी परवडणार नाही, हा मुद्दा कामगारांचा नव्हता, मालकांचा होता. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला सुट्टी मागावी लागत नाही, तो ती घेतो. नियम करून मिळालेली सुट्टी ही गरिबासाठीच असते, कारण सगळे एकदम थांबल्याशिवाय एकट्याने थांबायची त्याची हिंमत होत नाही. म्हणून मी म्हणते की सगळ्या क्लासेसनी एकाच दिवशी कुलूप लावावं. कुणी पुढे जाणार नाही, कुणी मागे पडणार नाही.

आणि न थांबता उपसत राहिलं की काय होतं हे लातूरकराने जगाला सांगावं. वर्षानुवर्षं बोअर खोल खोल गेले, जमिनीला भरायला वेळ मिळाला नाही, पाऊस रुसला, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणायची वेळ आली. शास्त्रात सातव्या वर्षी जमीन पड ठेवायला सांगितलं आहे. पड म्हणजे वाया गेलेली नव्हे, हे आपल्या आजोबांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मग करायचं काय? मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. शनिवारी संध्याकाळी संपतील अशाच रिअ‍ॅक्शन लावायच्या. रात्री ग्रुप बंद, तो रविवारी रात्री नऊला उघडायचा. सकाळी उपासना, मनापासून, पहिल्या गाण्यापासून आशीर्वादापर्यंत. त्यानंतर कुठलीही मीटिंग नाही. दुपारी झोप, कुणाशी तरी विनाकारण गप्पा, गोदावरीच्या काठाने चक्कर. यातून थीसिस लवकर होईल असा माझा दावा नाही. कदाचित तीन-चार महिने उशिरा होईल. झाला तर झाला.

मंडळीकडे मागणी एवढीच : रविवारी दीड तासाची एक उपासना आणि बाकी काही नाही. कमिटी बुधवारी घ्या. हजेरी घेऊ नका. परीक्षेच्या दिवसांत पोरांना बोलावण्यापेक्षा त्यांच्या खोलीवर डबा घेऊन जा, आणि साक्ष विचारायची तर नापास झालेल्याला विचारा.

रेव्हरंड टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, पण त्याची सुरुवात त्याआधी रेल्वेच्या डब्यात झाली होती. एका सहप्रवाशाने गप्पा मारल्या आणि नवा करार हातात दिला. ना तिथे सभा होती, ना तरुण संघ. दोन माणसांकडे थोडा रिकामा वेळ होता, एवढंच. तो आपण पोरांकडे ठेवलेला नाही, आणि देव त्यांना भेटत नाही म्हणून वर त्यांनाच बोल लावतो.

असो. फार झालं. मावशी, आता कर फोन. फक्त आज नको, उद्या सोमवारी कर. आज रविवार आहे.